एक ते पाच

क्लिपबोर्डला पेन साखळीनं बांधलेलं, बँकेतल्यासारखं.
वय बावन्न. शेवटची पाळी कधी. झोप लागते का.
मग अकरावा प्रश्न, बाकीच्यांच्याच साध्या अक्षरात:
लैंगिक आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?
एक ते पाच. गोल करा.

मी अकरावा सोडून बारावा घेतला,
गणिताच्या पेपरात करायचे तसं,
वेळ उरला तर बघू.

वेळ उरला.
खिडकीबाहेर कोलंबस, इंडियाना. फेब्रुवारी.
पार्किंगमध्ये मिठाचे पांढरे ओघळ,
पलीकडे कापलेल्या मक्याची खुंटं, नजर पोचेल तिथवर.

आकडा लिहायचा तर कोणत्या घराचा?

पहिल्या घरात मी तेवीस वर्षांची.
उपेंद्र इंजिनांच्या कारखान्यातून यायचा,
नखांत काळी रेघ, डोळ्यांत झोप.
आईनं निघताना एवढंच सांगितलं होतं,
नवऱ्याला नाही म्हणू नये.
हो कसं म्हणतात, ते तिलाही ठाऊक नसावं.

दुसऱ्या घरात उशाशी, जमिनीलगत, एक जाळी.
तळघरातला फर्नेस तिच्यातून गरम हवा सोडायचा
आणि हवेबरोबर सासूबाईंचा खोकला,
त्यांची बांगडी पलंगाच्या दांडीवर वाजलेली,
सहा सहा महिने, व्हिसा संपेपर्यंत.
म्हणजे आमचंही तिकडे जात असणार.
फर्नेस एकदा लागला की बारा मिनिटं घरघरायचा.
मी मोजली होती.
त्या बारा मिनिटांत उरकायचं,
तरीही उशीचा कोपरा दातांत.
सासूबाई गेल्या. जाळी राहिली.
लेक ब्लूमिंग्टनला शिकायला गेली,
घरात आम्ही दोघंच,
आणि फर्नेस थांबला की मी श्वाससुद्धा धरायचे.

उपेंद्र वाईट नाही. हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.
बर्फ पडला की आधी माझी गाडी खरवडतो.
पण संध्याकाळभर सिंकपाशी माझी पाठ,
आणि रात्री त्याच पाठीला विचारायचं, जागी आहेस?
पाठ काय सांगणार.
तिला सगळी भांडी आठवत असतात.

मग जानेवारीत, उणे वीसच्या रात्री, फर्नेस बंद पडला.
मेकॅनिक सोमवारी येणार, आज शनिवार.
नळ गोठू नयेत, पाणी वाहतं ठेवा, कुणीतरी फोनवर म्हणालं,
तर पाणी वाया का घालवा म्हणून
उपेंद्रनं सगळी भांडी घासली.
कुकरच्या शिट्टीसकट.

मी गोधडीखालून ऐकत होते.
कितीतरी वर्षांनी माझ्या खांद्यांत काहीच दुखत नव्हतं.

तो आला, हात बर्फासारखे,
आणि त्या चिडीचूप घरात मी म्हणाले, हळू.
मग म्हणाले, तिथं नाही.
तो थांबला. अंधारात बराच वेळ थांबला.
हे आधी का नाही सांगितलंस?
फर्नेस चालू होता, मी म्हटलं.

हसला नाही. दोन दिवस तोंड पाडून हिंडला,
पेपरावर लाल शेरा मिळालेल्या पोरासारखा.
तिसऱ्या रात्री चष्मा लावून गादीवर बसला:
सांग, नीट.

नीट कशात सांगू?
आमच्या भाषेत त्या जागेला दोनच तऱ्हेचे शब्द,
शिवीतले, नाहीतर संस्कृतातले.
मी त्याचा चष्मा काढून ठेवला
आणि हात धरून नेला.

नंतर एक आवाज ऐकला, माझा होता.
बावन्न वर्षं माझ्याबरोबर राहून कधी भेटला नव्हता.
शेजारचं कुत्रं भुंकलं.
भुंकू दे.

रोज असं होतं असं नाही.
परवाच तो अर्ध्यात घोरायला लागला,
मीही परतून मटारचं काय करायचं त्याचा विचार करत झोपले.

“वायजयन्टी?” नर्स दारातून हाक मारते.
पेन दोन आणि चारच्या मधे भिरभिरतं, साखळी ताणली जाते.
शेवटी गोल करतच नाही.
समासात मराठीत लिहिते, जानेवारीपासून विचारा.

डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघतात: हे काय?
तारीख आहे, मी म्हणते.